गूळ काळा म्हणून सेंद्रिय?

परवा बेळगावच्या खडेबाजारात एका दुकानात गुळाची ढेप हातात घेतली. कागदावर कन्नडमध्ये मोठ्ठं ‘सावयव’, म्हणजे सेंद्रिय, खाली ‘नॅचरल’ आणि एक हिरवं पान. मराठीत सावयव म्हणजे अवयव असलेला. बायको हळूच म्हणाली, “हात-पाय कुठं आहेत वो ह्याला?” दर साध्या गुळाच्या दुप्पट. सर्टिफिकेट विचारलं तर दुकानदारानं १४ आकडी नंबरावर बोट ठेवलं. “हे काय सर, सरकारी नंबर हाय की!”

अहो, तो एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा परवाना. फरसाणाच्या पुडीवरही असतो तो. २०१७ च्या नियमांप्रमाणे सेंद्रिय मालावर ‘जैविक भारत’चं चिन्ह बघायचं. त्याच्यामागं एनपीओपी नाहीतर पीजीएस, ह्या दोन प्रमाणपत्र-पद्धतींपैकी एक असते. पहिल्यात बाहेरची संस्था येऊन रान तपासते, दुसऱ्यात गटातले शेतकरीच एकमेकांचं रान बघतात. त्यातही ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ लिहिलेलं असेल तर ते रान अजून सेंद्रिय होण्याच्या वाटेवर आहे, पुरतं झालेलं नाही. ‘नॅचरल’ला मात्र कोण विचारतो?

पण माझं खरं डोकं फिरतं ते रंगावरनं. निपाणीकडं मामाच्या गुऱ्हाळावर माझ्या सुट्ट्या गेल्यात. काहिलीत रस उकळायला लागला की भेंडीचं पाणी घालून मळी काढायची. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काहीजण हायड्रॉस नावाची रासायनिक पावडर टाकतात. ती टाळली की गूळ तांबूस-काळसर येतो, हे खरं. म्हणून काळा दिसला की लोक डोळे झाकून ‘ऑरगॅनिक’ म्हणतात. आता मला सांगा, हायड्रॉस पडतो काहिलीत आणि युरिया पडतो सरीत. उसाला पोत्यानं युरिया घातला आणि काहिलीत काहीच टाकलं नाही, तरी गूळ काळाच होणार की! शिवाय रस करपला तरी काळाच.

ढेप परत ठेवली.

येळ्ळूरची एक मावशी आमच्या गल्लीत बासमती घेऊन येते. पिशवीवर चिन्ह नाही, पान नाही. लहान शेतकऱ्यानं सेंद्रिय माल थेट गिऱ्हाइकाला विकला तर कायदाही प्रमाणपत्राची सक्ती करत नाही. यंदा तिला विचारलं, “मावशी, औषध मारलंय काय?”

“एकदा मारलंय बाबा, करपा आल्ता. खोटं कशाला बोलू?”

दहा किलो घेतला. साध्या दरानं.