चकली पेपरवर निथळू नका: त्या टिश्यूच्या मेसेजला उत्तर

आत्ती खानापुरात राहते. दिवाळीच्या आधी महिनाभर तिच्याकडे चकली, कडबोळी, शंकरपाळी, चिवडा यांच्या ऑर्डरी असतात. हाताखाली तीन बायका, आणि माल बेळगावात शहापूर-टिळकवाडीपर्यंत जातो. मागच्या वर्षी तळण निथळायला मी तिला किचन टॉवेलचे रोल आणून दिले होते. यंदा गेले तर रोल माळ्यावर टाकलेले आणि परातीत रद्दीचे पेपर अंथरलेले. झाऱ्यातून काढलेली चकली थेट त्यांच्यावर. एका शंकरपाळ्यावर बातमीच्या मथळ्यातलं अक्षर उलटं उमटलेलं मी स्वतः पाहिलं.

"अगं, त्या टॉवेलात प्लास्टिक असतंय की. ग्रुपवर आलंय. तू पीयूला केमिस्ट्री शिकवतीस आणि तुला ठाऊक नाही?"

(पीयू म्हणजे आमच्याकडची अकरावी-बारावी.) मेसेज मी तिच्याच फोनवर वाचला. नंतर तोच मला आणखी तीन ग्रुपवर दिसला, त्यातला एक निपाणीच्या माहेरवाशिणींचा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: किचन टॉवेल पाण्यात विरघळत नाही, म्हणजे त्यात प्लास्टिक आहे. तो कडक करायला फॉर्मॅलिन घालतात, त्याने कॅन्सर होतो. तो हॉस्पिटलच्या कचऱ्यापासून बनतो. अमेरिकेत त्यावर बंदी आहे म्हणून आपल्याकडे खपवतात. नव्या मशिनरीत गरम हवा फुंकून कागद फुगवतात आणि आपण हवेचे पैसे देतो. घ्यायचाच तर बांबूचा टिश्यू घ्या, त्यात एकही केमिकल नसतं आणि जंगल वाचतं. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे पूर्वजांसारखं वर्तमानपत्र वापरा, आता पेपरची शाई सोयाबीनची असते.

शेवटचा मुद्दा आधी घेते. बाकीच्यांनी फार तर कोणी टिश्यू घ्यायचं थांबेल. या एका वाक्याने लोकांच्या पोटात शाई जाते आहे.

वर्तमानपत्राची काळी शाई म्हणजे मुख्यतः काजळी, खनिज तेल आणि राळ. बहुतेक दैनिकं ज्या पद्धतीने छापली जातात, तिच्यात शाई उष्णता देऊन सुकवत नाहीत. तेल कागदात मुरतं आणि काजळी वर बसून राहते. सकाळी पेपर वाचून झाल्यावर बोटं काळी होतात ती यामुळे. आता त्याच कागदावर पावणेदोनशे अंशांच्या तेलातून काढलेला पदार्थ ठेवा. तेल तेलात विरघळतं आणि गरम असलं तर लवकर विरघळतं. शाईतलं खनिज तेल सुटून चकलीच्या तेलात येतं, काजळी त्याच्याबरोबर येते. शंकरपाळ्यावरचं ते अक्षर दुसरं काय होतं? जे डोळ्यांना दिसलं ते अक्षर, जे दिसलं नाही ते खनिज तेल.

हे माझं एकटीचं मत नाही. देशाच्या अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, डिसेंबर २०१६ मध्ये खास सूचना काढून सांगितलं होतं की अन्न वर्तमानपत्रात गुंडाळणं घातक आहे, अन्न कितीही स्वच्छ शिजवलेलं असो. मुलं, म्हातारी माणसं आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांना धोका जास्त, हेही त्यात होतं. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत अन्न ठेवायला किंवा गुंडाळायला वर्तमानपत्र वापरण्यास मनाईच आली. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने ग्राहकांना आणि विक्रेत्यांना पुन्हा बजावलं, शाईतल्या शिशासारख्या जड धातूंचा उल्लेख करून. आत्तीच्या प्रत्येक पाकिटावर जो नोंदणी क्रमांक छापलेला असतो, तो याच प्राधिकरणाचा. त्यांचा क्रमांक पाकिटावर आणि त्यांनी मनाई केलेली वस्तू परातीत, हे चालणार नाही.

सोयाबीनच्या शाईचं सांगायचं तर काही शायांत खनिज तेलाच्या जागी सोयाचं तेल घालतात, हे खरं. पण रंगद्रव्य तेच राहतं, ती शाई खाण्यासाठी बनवलेली नसते, आणि तुमच्या रद्दीतला पेपर कोणत्या शाईचा हे तुम्ही ओळखणार कसं? शिवाय पेपरचा प्रवास आठवा. पहाटे गठ्ठे बसस्टँडच्या फरशीवर पडतात, मग सायकलच्या कॅरिअरवर, मग दारात, मग महिनाभर रद्दीच्या ढिगात झुरळांच्या सोबतीला. त्यावर पोरांचं खाणं ठेवायचं?

आणि पूर्वजांचं नाव कशाला घ्यायचं? माझ्या पणजीच्या घरी रोजचा पेपर येत नव्हता. तिच्याकडे पितळी झारा होता, चाळण होती आणि बुरुडाकडून घेतलेली रोवळी होती. चकली कढईवरच झाऱ्यात क्षणभर धरायची आणि मग चाळणीत उभी लावायची. खालून वारा लागतो, वाफ अडकत नाही, चकली मऊ पडत नाही. कागदावर पसरलेल्या तळणाला स्वतःच्याच वाफेचा ओलावा लागतो. तळणाला कागद लागतोच असं नाही, हे मी किचन टॉवेलबद्दलही म्हणते. टॉवेल विकत घ्या म्हणून मी हे लिहीत नाही.

आता प्लास्टिक. मी आत्तीच्या ओट्यावरच करून दाखवलं. किचन टॉवेलचा तुकडा चिमट्यात धरून पेटवला. कागदासारखा जळला, कागदाचाच वास आला, हाताला भुरभुरीत राख लागली. मग बाजारातल्या 'धुऊन पुन्हा वापरा' असं लिहिलेल्या रोलचा तुकडा पेटवला. तो आक्रसला, वितळला आणि थंड झाल्यावर कडक गोळी राहिली. म्हणजे मेसेजमधला एक भाग खरा आहे आणि तो मला मान्य करावा लागतो. कापडासारख्या दिसणाऱ्या, धुता येणाऱ्या अनेक रोलमध्ये आणि बऱ्याच ओल्या वाइप्समध्ये पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे धागे असतात. गरम तळणाखाली ते वापरू नका. पण साधा किचन टॉवेल ही वस्तू वेगळी आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच पोत्यात भरल्या आहेत.

मग टॉवेल पाण्यात विरघळत का नाही? कागद म्हणजे लाकडाच्या लगद्यातले सेल्युलोजचे तंतू. सुकताना ते एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरतात. पाणी लागलं की हे बंध सुटतात, म्हणून साधा टिश्यू ओला होताच हातात तुटतो. ओट्यावरचं पाणी पुसायला असा कागद निरुपयोगी, म्हणून लगद्यात थोडी राळ घालतात. सुकताना ती तंतूंच्या सांध्यांवर पाण्याने न तुटणारे बंध तयार करते. प्रमाण साधारण शंभर किलो लगद्याला किलोभर किंवा त्याहूनही कमी. एवढं करूनही ओल्या टॉवेलची ताकद कोरड्याच्या पाव ते तिसरा हिस्सा इतकीच उरते. ही राळ माणसाने बनवलेला पॉलिमर आहे, हे मी लपवत नाही. पण तिच्यामुळे टॉवेलला प्लास्टिकचा कागद म्हणणं म्हणजे भाकरीत मीठ आहे म्हणून भाकरीला मिठाचा खडा म्हणणं. याच राळेमुळे किचन टॉवेल संडासात टाकू नये, तो सुटा होत नाही आणि पाइप तुंबतो. ही उपयोगाची गोष्ट मात्र मेसेजमध्ये कुठेच नाही.

फॉर्मॅलिनचा, म्हणजे पाण्यात विरघळवलेल्या फॉर्मॅल्डिहाइडचा, मुद्दा निदान साठ वर्षं शिळा आहे. १९३०-४० च्या दशकांत ओल्या ताकदीसाठी युरिया-फॉर्मॅल्डिहाइड आणि मेलामाइन-फॉर्मॅल्डिहाइड राळा वापरायला लागले, हे खरं. १९६० च्या सुमारास पॉलिअमाइड-एपिक्लोरोहायड्रिन जातीची राळ आली. तिला आम्लधर्मी लगदा लागत नव्हता, तिच्यात फॉर्मॅल्डिहाइड नव्हतं, आणि टॉवेल-टिश्यूच्या धंद्यात तीच रुळली. धंद्यातला हा एक मोठा बदल, आणि मेसेजला त्याचा पत्ताच नाही.

पण नव्या राळेचीही एक खोड आहे, आणि ती सांगितली नाही तर मी त्या मेसेजवाल्यासारखीच ठरेन. ती बनवताना क्लोरोप्रोपॅनॉल नावाची द्रव्यं अल्प प्रमाणात उरतात. त्यातलं ३-एमसीपीडी हे माणसात कॅन्सर करू शकण्याची शक्यता असलेल्यांच्या यादीत आहे. म्हणून जर्मनीच्या बीएफआर या संस्थेने अन्नाला लागणाऱ्या कागदासाठी मर्यादा ठरवून दिली आहे: कागदाच्या पाण्यातल्या अर्कात लिटरमागे १२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त ३-एमसीपीडी नको. उत्पादकांनीही राळेतलं हे प्रमाण टप्प्याटप्प्याने खाली आणलं. आता दुसरी बाजू. याच ३-एमसीपीडीची संयुगं रिफाइंड तेलातही असतात, कारण दोनशे अंशांच्या वर तेलाचा वास घालवताना ती तयार होतात. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये तपासलेल्या तेलांत त्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त निघालं ते पामतेलात. म्हणजे ज्याला या द्रव्याची खरोखर काळजी आहे, त्याने टॉवेलच्या आधी कढईत काय ओतलंय ते बघावं. आत्ती शेंगतेल वापरते, ही तिची जमेची बाजू.

हॉस्पिटलच्या कचऱ्याचं एवढंच: रक्त-पू लागलेला कापूस आणि ड्रेसिंग २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या पिशवीत जातं आणि बहुधा जाळलं जातं. पुनर्वापराचा टिश्यू बनतो तो ऑफिसच्या आणि छापखान्याच्या रद्दीपासून. शाई काढायला लगद्यात हवेचे बुडबुडे सोडतात, शाई फेसाबरोबर वर येते आणि काढून टाकली जाते. त्या रद्दीत दुकानाच्या बिलांचा थर्मल कागद मिसळला तर त्याच्या लेपातल्या बिसफेनॉल या रसायनाचा अंश उरू शकतो. म्हणून हात पुसायला पुनर्वापराचा खुशाल घ्या, खाण्याला लागणारा मात्र कोऱ्या लगद्याचा घ्या.

अमेरिकेत बंदी? पेपर टॉवेल रुळला तोच अमेरिकेत. स्कॉट कंपनीने १९०७ मध्ये हात पुसायचा कागद काढला, १९३१ मध्ये स्वयंपाकघरातला रोल आणला, आणि आजही घरगुती पेपर टॉवेलवर जगात सगळ्यात जास्त खर्च तिथेच होतो.

हवेचे पैसे हा मुद्दा वरवर चतुर वाटतो. जुन्या पद्धतीत ओला कागद दाबून, वाफेने तापलेल्या एका प्रचंड सिलिंडरवर चिकटवून सुकवतात आणि पात्याने खरवडून काढतात. त्यातून बारीक चुण्या पडतात आणि कागद मऊ होतो. १९६० च्या दशकात प्रॉक्टर अँड गॅम्बलने दाबण्याऐवजी कागदातून गरम हवा आरपार सोडण्याची पद्धत बसवली. कागद दबत नाही, तंतूंमध्ये पोकळ्या राहतात आणि पाणी त्या पोकळ्यांतच धरलं जातं. कमी लगद्यात जास्त पाणी शोषलं जातं. म्हणजे ती हवा हेच तर त्या कागदाचं काम. तक्रारच करायची तर इंधनाची करा, या पद्धतीला ऊर्जा जास्त लागते.

बांबूवर मात्र मला थांबावं लागेल, कारण हे वाक्य आमच्या भागात पसरतंय आणि बांबूचा इतिहास आमच्या शेजारचा आहे. खानापूरहून अळणावरमार्गे दांडेली किती लांब? तिथला कागद कारखाना १९५० च्या दशकात उभा राहिला तो कारवार जिल्ह्याच्या जंगलातल्या बांबूच्या भरवशावर. सरकारने तो बांबू कारखान्याला टनामागे दीड रुपयाने दिला. सूप, दुरडी, रोवळी विणणाऱ्या बुरुडांना, कानडीत मेदार म्हणतात त्यांना, तोच बांबू बाजारात कितीतरी पट महाग पडत होता. बांबू संपत चालला अशी ओरड त्यांनीच केली, आणि १९७० च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी या जंगलांत फिरून अभ्यास केला. त्यांना दिसलं की बांबूच्या बेटाच्या बुंध्याजवळचं काटेरी कुंपण वनखातं साफ करत होतं, त्यामुळे कोवळे कोंब गुरांच्या तोंडी पडत होते. वर तोड भरमसाट. बेटं त्यातून सावरली नाहीत. पुढे कारखान्यांना निलगिरी, सुबाभूळ अशा लागवडीच्या लाकडाकडे वळावं लागलं. ज्या मुलखाने हे पाहिलं, तिथल्या ग्रुपवर 'बांबूचा टिश्यू म्हणजे जंगल वाचलं' असं कोणी लिहितं, तेव्हा मला राग येतो. बांबू शेताच्या बांधावर लावलेला की जंगलातून तोडलेला, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नाही.

आणि एकही केमिकल नसतं? बांबूचा लगदा करायला तो बहुधा कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्येच शिजवावा लागतो, लाकडासारखाच. तपकिरी रंगाचा टिश्यू म्हणजे फक्त ब्लीच न केलेला. नावालाही भुलू नका: ब्रिटनमधल्या 'विच?' या ग्राहक संस्थेने २०२४ मध्ये बांबूचे म्हणून विकले जाणारे पाच टॉयलेट रोल तपासले, त्यातल्या तीन ब्रँडमध्ये बहुतांश तंतू लाकडाचे निघाले. एकात तर बांबूसारखे तंतू तीन टक्केही नव्हते.

हे सगळं आत्तीला ऐकवलं. तिने शेवटी एकच विचारलं, "मग आता निथळू कशावर?" मी माळ्यावरून रोलच्या शेजारची जुनी चाळण काढून दिली. रोवळीला एका बाजूने बुरशी लागली होती. नवी घ्यायला रविवारच्या बाजारात बुरुडाकडे जायचं ठरलं आहे. पेपर अंथरून निथळलेला त्या दिवशीचा घाणा तिने विकला नाही, आणि मी सांगायच्या आधीच बाजूला काढला होता.

ग्रुपच्या अ‍ॅडमिनला मेसेज काढून टाका म्हणून दोनदा लिहिलं. अजून तो तिथेच आहे.