‘पाच मिनिटांच्या कामाला दोन दिवस’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर. आमच्या लॅपटॉप दुरुस्तीबद्दलचा तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू वाचला. ‘सी ड्राइव्ह वाढवणं पाच मिनिटांचं काम, व्हिडिओत सगळं दाखवतात, यांनी दोन दिवस लावले. फोन उचलत नाहीत. वर एक टीबीच्या डिस्कमध्ये 931 जीबीच दिसतात, बाकीचे कुठे गेले?’ बुधवारी दुपारी तुमचे तीन फोन आले आणि आमच्याकडून एकही उचलला गेला नाही, हे खरं आहे. त्याबद्दल माफी मागतो. चूक आमचीच.

पण ते ‘पाच मिनिटं’ काही डोक्यातून जात नाही.

व्हिडिओत ज्या डिस्कवर काम करून दाखवतात तिच्यात सी, म्हणजे विंडोज असलेला भाग, असतो आणि त्याच्या उजवीकडे लगेच रिकामी, अनअलोकेटेड (कुठल्याच ड्राइव्हला न दिलेली) जागा. एक्स्टेंड व्हॉल्यूम दाबलं की झालं. तुमच्या डिस्कवर 150 जीबीचा सी, त्याला चिकटून विंडोजचं छोटं रिकव्हरी पार्टिशन (डिस्कचा दुरुस्तीसाठी राखलेला तुकडा) आणि मग डी. डी लहान केला तर मोकळी जागा निघते ती त्याच्या शेपटाकडे, सीच्या शेजारी नाही. अख्खा डी उडवला तरी मधे ते रिकव्हरी बसलेलंच, त्यामुळे एक्स्टेंडचा पर्याय करडाच राहतो, दाबताच येत नाही. आणि त्या पार्टिशनवर उजवी क्लिक केली तर मेन्यूत ‘हेल्प’शिवाय काही येत नाही, म्हणजे ते डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांडमधून काढावं लागतं आणि मागाहून पुन्हा बसवावं लागतं, नाहीतर उद्या विंडोज बिघडली की दुरुस्तीचा मेन्यू गायब. हे व्हिडिओवाला सांगत नाही, कारण त्याची डिस्क रिकामी असते.

डी जागच्या जागी उजवीकडे सरकवणारी सॉफ्टवेअर आहेत, मला माहीत आहेत. पण सरकवायचं म्हणजे त्यातला सगळा डेटा उचलून पुढे ठेवायचा, आणि मधेच काही अडकलं तर ना इकडचा ना तिकडचा. तुमच्या डिस्कला क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पिवळं ‘कॉशन’ दिसत होतं, पेंडिंग सेक्टर 8, म्हणजे डिस्कला नीट वाचता न येणारे आठ कप्पे. अशा डिस्कवर बॅकअप न घेता पार्टिशन सरकवायला माझा हात धजावत नाही. तुमची असो नाहीतर माझी.

आता वेळेचा हिशेब. मंगळवारी सकाळी 11 वाजता तुम्ही लॅपटॉप दिलात आणि म्हणालात, ‘डीमध्ये जुने पिक्चर आहेत फक्त, उडवले तरी चालतील.’ विंडोज कशीबशी सुरू झाली तेव्हा डीमध्ये 410 जीबी भरलेले दिसले. मला शंका आली म्हणून 1 वाजून 10 मिनिटांनी फोन केला. तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘अहो नाही नाही, थांबा, त्यात घरचे फोटो आहेत.’ मी तोंडी शब्दावर उडवून मोकळा झालो असतो, तर आज हा रिव्ह्यू कसा असता?

सीमध्ये 200 एमबीसुद्धा उरले नव्हते, दर दोन मिनिटांनी विंडोज गोठत होती. म्हणून पेन ड्राइव्हवरून सुरू करून फाइली काढायच्या ठरवल्या, तर दोन्ही ड्राइव्ह बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या कुलपाने, बंद. 1:40 ला तुमच्याकडे ते उघडणारी रिकव्हरी की मागितली. तुमचा फोटो आला रात्री 9:52 ला. ही की 48 आकड्यांची असते, सहा-सहाचे आठ गट. तुमच्या फोटोत सात गट होते आणि आठव्यावर तुमचा अंगठा. मी 9:58 ला तसं लिहून पाठवलं. पूर्ण की आली बुधवारी दुपारी 12:20 ला. म्हणजे तुम्ही मोजलेल्या दोन दिवसांपैकी जवळपास 23 तास मी त्या कीची वाट पाहत होतो. मेसेज माझ्याकडे आहेत. दाखवायची वेळ येऊ नये एवढीच इच्छा.

त्यानंतर कॉपी. धडधाकट हार्ड डिस्क सेकंदाला 100 एमबीने वाचली तर 410 जीबीला सव्वा तास पुरतो. पण हजारो बारक्या फाइली आणि थकलेली डिस्क, त्यामुळे रात्रीचे 8 वाजले. पार्टिशनचं खरं काम पाऊण तासाचं, तेवढं मान्य. मग रात्रभर डेटा परत डीमध्ये, सकाळी काही फाइली उघडून पाहिल्या, आणि गुरुवारी 11 ला लॅपटॉप तुमच्या हातात.

आणि ते ‘गेलेले’ 69 जीबी. सर, मी डिस्कमधून जीबी काढून खिशात घालत नाही. कंपनी एक लाख कोटी बाइटला एक टीबी म्हणते. विंडोज त्यालाच तीनदा 1024 ने भागते, येतात 931. डिस्क आली तेव्हाही 931च होते, काम सुरू करण्याआधी मी डिस्क मॅनेजमेंटचा फोटो काढून ठेवतो. चोरीचा आळ आजवर कुणी घेतला नव्हता, म्हणून एवढं लिहिलं.

यापुढे लॅपटॉप घेतानाच बिटलॉकरची की मागून घेऊ, आणि फोनचंही काहीतरी बघतो.

जाता जाता: तुमच्या 410 जीबीची प्रत अजून माझ्या डिस्कवर आहे. फोटो नीट उघडतात का पाहा आणि पुसू का ते कळवा, तोवर हात लावत नाही. ते 8 सेक्टर मात्र अजून तसेच आहेत. नवीन डिस्क कुणाकडूनही घ्या, पण घ्या.