सातबारा पाहिजे, चिखल नको

लग्नसराई आली की गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच रडगाणं: "आजकालच्या पोरींच्या अपेक्षा लई वाढल्यात." घरची बागायत आहे, दारात ट्रॅक्टर आहे, पोरगं पस्तिशीला टेकलंय, तरी स्थळ येत नाही. दलालाला पैसे देऊन लग्न लावायचं, आणि आठवड्यात नवरी दागिन्यांसकट पसार, हे तर आता बातमीतही मावत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बिनलग्नाच्या पोरांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. लोक हसले. पण त्यांची एक मागणी अगदी रास्त होती: गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा नीट राबवा.

सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात १९९१ ला ९४६ मुली होत्या. २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. बीडमध्ये तर ८०७. २०११ ला मोजलेल्या त्या मुली आत्ता कुठे लग्नाच्या वयाला येतायत, म्हणजे खरी टंचाई अजून पुढेच आहे. आणि गंमत बघा, असा कायदा देशात सगळ्यात आधी, १९८८ ला, आपणच केला होता.

आमच्या नात्यातल्या एका काकूंना सून "शेतात कामाला वाकणारी" पाहिजे. लेकीच्या बायोडाटात मात्र लिहिलंय, 'अपेक्षा: पुण्यात नोकरी, स्वतःचा फ्लॅट, शेती असल्यास प्राधान्य.' शेती असल्यास प्राधान्य! काकूंना मी दोष देत नाही. पहाटे उठून शेणघाण, भाकरी, मग दिवसभर खुरपणी, आणि कांद्याची पट्टी आली की पैसे मोजणार काका. लेकीनं हे लहानपणापासून पाहिलंय. तिला शेतीचं वावडं नाही, आईसारखं जगणं नकोय.

शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. त्यालाही आता तीसेक वर्षं उलटून गेली. आजही कितीतरी घरांत सातबारा सासऱ्याच्याच नावावर असतो (पोराच्याही नाही, सुनेचं तर सोडाच).

म्हणून वरपित्यांना माझं एकच सांगणं. बायोडाटात 'निर्व्यसनी, मनमिळाऊ' लिहिता, त्याखाली 'लग्नानंतर सुनेचं नाव सातबाऱ्यावर लावू' एवढं लिहून बघा. मी तरी अशी ओळ अजून कुठं वाचलेली नाही. कुणाच्या बघण्यात असेल तर फोटो टाका.