दुसरी चावी आहेच की!

भाडेकरूवर दावा टाकलात? अभिनंदन! लघुवाद न्यायालयात तारखा पडत राहतील, तोवर हात बांधून का बसायचं? सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव तुमचं, मग बेल कसली वाजवता? दुसरी चावी आहेच की. वेळ दुपारची निवडा, घरात कुणी नसतं. परवा आमच्याच मजल्यावर हा सोहळा पार पडला.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम २८ : मालकाला घराची पाहणी करता येते. एवढंच वाचा. 'वाजवी वेळी, आधी नोटीस देऊन' हे पुढचं वकिलांची पोटं भरायला लिहिलंय.

एकटे जाऊ नका. एजंट आणि नवं गिऱ्हाईक सोबत न्या. कपाटं उघडा, बाथरूमचा नळ सोडून प्रेशर दाखवा. दोरीवर कुणाचे कपडे वाळतायत तिकडे बघू नका.

फोटो काढा.

तरी हलत नसेल तर गच्चीवरचा कॉक फिरवा, मीटरखोलीतला फ्यूज काढा. त्याच कायद्याचं कलम २९ पाणी-वीजच काय, जिन्यातला दिवा आणि लिफ्टही तोडू देत नाही, तोडलं तर कोर्ट पुरवठा पुन्हा सुरू करायला लावतं आणि वर फौजदारी होते. पण तुम्ही मालक ना! मग थेट कुलूपच बदला. भाडेकरू सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली दावा लावील. त्यात मालकी कुणाची हे कोर्ट विचारतच नाही, विचारतं एवढंच की माणसाला कायदा सोडून बाहेर काढलं का. म्हणजे कुलूप तुमच्या पैशाचं, ताबा पुन्हा त्याचा, आणि तुमचा मूळ दावा होता तिथेच. वर त्याच्या वकिलाच्या हातात आयता मुद्दा दिलात! दमदाटीसाठी घुसलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ आहे, एक वर्षापर्यंत कैद. कुणी सांगितलं होतं हे शहाणपण?

अहो, गळती बघायचीय ना? दोन ओळींचं पत्र लिहा : तारीख, वेळ, कारण, सोबत कोण. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. नकार आला तर कोर्टात अर्ज करून कोर्ट कमिशनर, म्हणजे कोर्टाने पाहणीला नेमलेला माणूस, मागा, तो बघून अहवाल देईल. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली असेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जा. समोरच्याने समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बचावाची परवानगी मागितली नाही, तर आदेश तुमच्याच बाजूने होतो, आणि मुदतीनंतरच्या दिवसांची भरपाई दुप्पट दराने मिळते. एवढं हातात असताना चोरासारखे कसले शिरता? ताबा कोर्टाचा बेलिफ देतो, वॉरंट घेऊन. तोवर ती चावी घरी ठेवा.