माया मूरने करिअर ‘वाया घालवलं’ म्हणणाऱ्यांसाठी

आज संध्याकाळपासून डोकं तापलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे जावं.

इथे मिनियापोलिसमध्येच एका मराठी घरी आम्ही जेवायला गेलो होतो. टीव्हीवर लिंक्सची, म्हणजे आपल्या इथल्या महिला बास्केटबॉल संघाची मॅच, आवाज बंद. बोलता बोलता लिंक्सच्या जुन्या स्टार खेळाडूचा, माया मूरचा विषय निघाला आणि एक गृहस्थ, चांगले शिकलेले, दोन मुलींचे बाप, वरणभात कालवता कालवता म्हणाले, "एवढी गुणी पोरगी, पण ऐन भरात एका कैद्याच्या प्रेमात पडली, लग्न केलं आणि करिअर वाया घालवलं. बायकांचं शेवटी हे असंच." दोघीतिघी हसल्यासुद्धा. यजमानीण माझी जिवाभावाची मैत्रीण, तिच्या घरात वाद नको म्हणून गप्प बसले. पण ही भिंत माझी आहे.

वाया? काय वाया? कनेटिकट विद्यापीठात चार वर्षांत १५० मॅच जिंकल्या आणि हरल्या फक्त ४. त्यात लागोपाठ ९० विजय. त्याआधीचा विक्रम यूसीएलए विद्यापीठाच्या मुलांच्या संघाचा होता, ८८ चा, प्रशिक्षक जॉन वुडनच्या काळातला, आणि तो मोडेल असं कुणी स्वप्नातही धरलं नव्हतं. २००९ आणि २०१० ची राष्ट्रीय विजेतेपदं. २०११ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगमधले संघ नवे खेळाडू निवडतात तो) पहिल्या क्रमांकावर आपल्या लिंक्सने तिला घेतलं आणि त्याच वर्षी लिंक्स पहिल्यांदा चॅम्पियन झाली. मग २०१३, २०१५, २०१७. २०१४ ची लीगमधली सर्वोत्तम खेळाडू. लंडन आणि रिओ, दोन्हीकडे ऑलिंपिक सुवर्ण. शिवाय इथला सीझन संपला की स्पेन, चीन, रशिया, कारण डब्ल्यूएनबीएमधल्या, म्हणजे इथल्या महिला लीगमधल्या पगाराच्या कितीतरी पट पैसे तिकडे मिळायचे. अंगाला विश्रांती म्हणून नाही. हे सगळं एकोणतिसाव्या वर्षापर्यंत.

२०१७ च्या फायनलचा शेवटचा सामना मी बघितलाय, आईसोबत. आई तेव्हा भारतातून आली होती. लिंक्सच्या नेहमीच्या टार्गेट सेंटरचं काम चालू होतं म्हणून सामना इथल्या विद्यापीठाच्या जुन्या विल्यम्स अरेनात होता. तिथलं कोर्ट जमिनीपासून वर उचललेलं आहे, खेळाडूंचे बाक खाली. आई म्हणाली, "नाटकाच्या स्टेजवर खेळतात का गं या?" तिला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या अमेरिकन आजी तिला खुणांनी काहीतरी समजावत होत्या आणि आई मान डोलावत होती. पण पहिला क्वार्टर संपायच्या आत मला म्हणते, "ती तेवीस नंबरवाली बघ. बॉल हातात नसताना जास्त पळते." मी इतकी वर्षं मॅच बघत होते, मला हे कुणी असं सांगितलं नव्हतं. त्यानंतर आम्ही दोघींनी बॉल बघणं सोडलं आणि फक्त तिला बघत बसलो. ती साथीदारांच्या आडोशाने वाट काढत कोपऱ्यात जायची, तिथून परत फिरायची, समोरची पोरगी दमून अर्धं पाऊल मागे राहिली की त्या क्षणी मोकळी. शेवटच्या मिनिटात लॉस एंजेलिसची टीम अगदी अंगावर आली होती. मूरने गर्दीत घुसून एका हाताने बॉल अलगद वर टाकला आणि माझी आई, माझी सत्तरीकडे झुकलेली आई, त्या अमेरिकन आजींच्या गळ्यात पडली. ८५-७६. लिंक्सच्याच सिल्व्हिया फाउल्सचे त्या दिवशी २० रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) होते, खरी मानकरी तीच. पण आईसाठी ती ‘मायाची मॅच’ झाली, आजही तेच म्हणते.

आता मुद्द्यावर येते. "प्रेमात पडली आणि सोडलं." अहो, क्रम तरी बघा! खेळ थांबवला तो आठ सीझननंतर, त्या ‘कैद्या’ची केस लढायला.

त्याला, जोनाथन आयर्न्सला, ती २००७ मध्ये पहिल्यांदा भेटली, कॉलेजला जायच्या आधी, अठरा वर्षांची असताना. तिच्या नात्यातले एक आजोबा तुरुंगात सेवाकार्य करायला जायचे, त्यांना तो तिथे भेटला आणि मग घरच्यांनी त्याच्या केसचे कागद वाचायला घेतले. हा कृष्णवर्णीय मुलगा १९९७ मध्ये पकडला तेव्हा सोळा वर्षांचा. मिसूरीत एका घरात घरफोडी आणि गोळीबार झाला होता. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालला, ज्युरी सगळी गोरी, आणि शिक्षा ५० वर्षं. घटनास्थळी त्याच्या बोटांचे ठसे नाहीत, रक्त नाही, काही नाही. उलट घरातल्या दारावर एक ठसा मिळाला होता जो त्याचाही नव्हता आणि घरमालकाचाही नव्हता, आणि तो अहवाल बचावाच्या वकिलापर्यंत पोचूच दिला नाही. हे मी म्हणत नाही, २०२० मध्ये न्यायाधीशाने शिक्षा रद्द केली ती याच कारणाने.

माझी आई आयुष्यभर कोर्टात नोकरी करून निवृत्त झाली. त्या मॅचनंतर कितीतरी दिवसांनी मी तिला फोनवर ही गोष्ट सांगितली. रडेल वगैरे वाटलं होतं. ती एकदम कडक आवाजात म्हणाली, "कागद होता ना? मग फाइलला का नव्हता?" बस. बाकी काही विचारलं नाही. जिने फायलींना दोरे बांधण्यात आयुष्य काढलं तिला एक कागद नसण्याचा अर्थ बरोबर कळला. आमच्या उच्चशिक्षित गृहस्थांना मात्र त्यात लव्हस्टोरी दिसली.

हो, लग्न झालं. आणि हो, मन आधीच, तो आत असतानाच जुळलं होतं, त्यांनी स्वतःच ते सांगितलंय. मग? त्याने तो ठसा खोटा होतो का?

आणि तिचा न्यायाचा विचार या एका केसपुरताही नव्हता. २०१६ चा जुलै आठवा. इथल्या लोकांना तरी आठवायला हवा. आपल्या शेजारच्या फाल्कन हाइट्समध्ये फिलांडो कॅस्टील या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसाने गाडीत गोळ्या घातल्या आणि लगेच त्या आठवड्यात मूर, व्हेलन, ऑगस्टस आणि ब्रन्सन, लिंक्सच्या चौघी कॅप्टन, काळे टी-शर्ट घालून पत्रकारांसमोर बसल्या. त्याच शर्टावर डॅलसमध्ये मारल्या गेलेल्या पोलिसांसाठी त्यांच्या पोलिस दलाचं चिन्हही होतं, हे कुणी सांगत नाही. बंदोबस्ताला आलेले चार पोलिस ड्युटी सोडून निघून गेले. राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणाऱ्या फुटबॉलपटू कॉलिन केपरनिकची चर्चा त्याच्या नंतरची. पण नाव कुणाचं झालं? जाऊ दे, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर माझी आणखी एक पोस्ट होईल.

मायकल जॉर्डन १९९३ मध्ये तिशीत, सगळं शिखरावर असताना खेळ सोडून बेसबॉल खेळायला गेला. वडिलांचा खून झाला होता, माणूस खचला होता, मी त्याला काही बोलत नाही. पण त्याने ‘वाया घालवलं’ असं कुणी ताटावर बसून म्हणतं का? त्याला म्हणतात मनस्वी. आणि ज्या जॉर्डन ब्रँडने करार केलेली पहिली महिला बास्केटबॉलपटू हीच माया मूर, ती एका निरपराध माणसासाठी बाहेर पडली तर ती प्रेमवेडी?

मान्य, खेळत खेळत पैसे देऊन वकील लावता आले असते. मान्य, आम्हा लिंक्सवाल्यांचं नुकसान झालं. २०१७ नंतर विजेतेपद नाही, २०२४ ची फायनल न्यूयॉर्ककडून पाचव्या सामन्यात हरलो तेव्हा मीसुद्धा "ती असती तर" म्हटलं. पण कोर्टाच्या तारखा सीझन बघून पडत नाहीत. सरकारी बाजू अपिलात गेली, वर टिकली नाही, मग खटला पुन्हा चालवायचा नाही असं ठरलं आणि १ जुलै २०२० ला तो जेफरसन सिटीच्या तुरुंगातून बाहेर आला. मायाचा जन्म त्याच गावातला. बाहेर उभ्या असलेल्या तिचे गुडघेच टेकले, तो व्हिडिओ बघितला नसेल तर बघा. सोळाव्या वर्षी आत गेलेला मुलगा चाळिसाव्या वर्षी बाहेर आला. वर्षं मोजायचीच असतील तर ही मोजा ना. तिचे किती सीझन हुकले ते मोजता, याचं काय काय हुकलं ते कोण मोजणार?

आणि वाया गेलं म्हणणाऱ्यांना हेही सांगते की लिंक्सने ऑगस्ट २०२४ मध्ये टार्गेट सेंटरमध्ये तिची २३ नंबरची जर्सी कायमची वर टांगली, आणि २०२५ मध्ये ती बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेली, फाउल्स आणि सू बर्डच्या बरोबर. आठ सीझनवर. आपल्याकडे एखादी मुलगी नोकरी सोडते तेव्हा कुणी विचारत नाही की कशासाठी सोडली, काय करून दाखवलं. ‘सोडली’ एवढं ऐकलं की पुढचं आपोआप ठरलेलं असतं. याचाच मला जास्त राग आलाय, आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं.

असो. घरी आल्यावर आईला फोन लावला, तिकडे सकाळ झाली होती. जेवणाच्या टेबलावरचं सगळं सांगितलं, तावातावाने. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या माणसाला काही कळत नाही, सोड. मायाला मुलगा झाला होता ना? केवढा झाला आता?"

२०२२ चा आहे म्हटलं.

"पळत असेल मग," आई म्हणाली.