अठरा-एकोणीसचा पाना

रविवारी मामाच्या वावरातल्या विहिरीत पाना पडला आणि सोमवारपासून गावात माझं नाव ‘सिलिंडर’ पडलं.

पाना १८-१९चा. मोटारीचा नट खोलताना मामेभावाच्या हातून सुटला. काठावर चार माणसं जमली, तसा तो जोरात बोलला, “दादा हाये ना! दादानं मालवणले जाऊन डुबकीचं सर्टिफिकेट काढलं.”

काढलं, खरंय. दिवाळीच्या सुट्टीत, हजारेक किलोमीटर जाऊन. १८ मीटरपर्यंत उतरायची मुभा. सर्टिफिकेटच्या ४ डाइव्ह नीट झाल्या. पाचवी हौसेची, तिची आठवण निघाली की अजून कान तापतात. बोटीवर तीन जुनेजाणते होते. पायातले फिन स्वतःचे, सूट स्वतःचा, मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर. माझं सगळं भाड्याचं. मी मास्क कपाळावर चढवला, तर एक म्हणाला, “गळ्यात घ्या. कपाळावर मास्क म्हणजे माणूस अडचणीत आहे असं समजतात.” होतोच की अडचणीत! मग खाली मासे पाहून मी खुशीत अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. गाइड एकच, त्यामुळे ५ मीटरवर ३ मिनिटं थांबून आम्ही सगळेच वर. माझ्या सिलिंडरात हवेचा दाब उरला ५० बार, त्यांच्यात १२०. “नवीन माणूस हवा फार खातो,” दुसरा म्हणाला. जणू मी त्याच्या डब्यातली खाल्ली.

असो. इथे विहिरीच्या काठच्या थारोळ्यावर आबाजी खर्रा घोटत बसले होते. गावातल्या अर्ध्याअधिक बादल्या त्यांनीच बुडी मारून काढल्या म्हणतात. म्हणणारे तेच.

“किती खोल जातं तू?”

“अठरा मीटर.”

“मीटर नोको सांगू. परस सांग.”

परस म्हणजे पुरुषभर उंची. मी मनात भागाकार केला. “दहा परस.”

“हे विहीर आठ परस. पानी चारच परस. उतर मंग.”

“असं नाही उतरता येत, आबाजी. सिलिंडर लागतं.”

“गॅसचं?”

“हवेचं.”

“हवा तं फुकट हाये बे!”

तिघं हसले. मामेभावाला माझी बाजू घ्यायची होती. “ऑक्सिजन रायते त्याच्यात, आबाजी.”

“ऑक्सिजन नाही, साधी हवाच. दाबून भरलेली,” मी म्हणालो, पण तोवर उशीर झाला होता.

“ऑक्सिजन?” आबाजींचा घोटणारा हात थांबला. “कोरोनात मानसाले भेटे नाही. आन् हा मासे पाहाले घेऊन गेला.”

यावर कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

शेवटचा उपाय म्हणून मी नियम सांगितला, की जोडीदाराशिवाय आम्ही पाण्यात उतरत नाही.

“मंग आमी काय बुजगावने हावो?”

मला राग कशाचा येतो सांगू? मालवणला इंग्रजीत आणि वावरात वऱ्हाडीत, प्रश्न एकच: किती? किती डाइव्ह, किती मीटर, किती परस, हवा किती उरली. जो भेटतो तो मला कापसाच्या गाडीसारखा काट्यावर चढवतो आणि वजनात कमी भरलो म्हणून वापस पाठवतो. खाली काय दिसलं, हे आजवर एकानंही विचारलं नाही. दिसलं होतं ना राजेहो! एका खडकाभोवती पिवळे पट्टेवाले मासे फिरत होते, माझ्याच श्वासाचा गुडगुड आवाज येत होता, आणि वर्गात दिवसभर ओरडणारा मी पाऊण तास कोणाशी एक शब्द बोललो नव्हतो. बायकोनंसुद्धा विचारलं ते खर्चाचं.

तेवढ्यात मामेभावाचा बारा वर्षांचा पोरगा आला. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक, त्याला सुतळी. कोणाला न विचारता त्यानं ते विहिरीत सोडलं.

“असा नाही सोडत बे,” आबाजी ओरडले. “तयाले टेकू दे.”

“सावकाश ओढ, झटका देऊ नको,” हे मी. मला कोणी विचारलं नव्हतं.

पोरानं दोघांकडेही पाहिलं नाही. तिसऱ्या खेपेला सुतळी जड झाली. गंज आणि शेवाळ यांनी माखलेला एक पाना वर आला. मामेभावानं आकडे घासून पाहिले. १६-१७.

“हा आपला नोहे.”

आबाजींनी हात पुढे केला. पाना धोतराला पुसला, उलटसुलट पाहिला.

“माया हाये,” ते म्हणाले. “चार वर्सं झाले पडून.”

आणि पाना बंडीच्या खिशात घालून, खर्रा अर्धवट घोटलेला तसाच ठेवून, घराकडे निघाले.