‘इंटरनेटचं नंतर बघू’: नव्या फ्लॅटच्या एका फॉरवर्डला उत्तर

ताबा मिळायची तारीख जवळ आली की फ्लॅटवाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटात एक मजकूर हटकून फिरतो. त्याचा सारांश असा: इंटीरियरवाला इंटरनेटसाठी वेगळं वायरिंग करायला सांगेल, ते पैसे पाण्यात, कारण हल्ली सगळं वायफायवर चालतं. फायबरवाला येतो, फुकटात जोडून जातो, सांगाल तिथे राउटर बसवतो. वेग कमी मिळाला तर समजायचं की कंपनी चोरी करते. बिल्डरने आणलेल्या कंपनीशिवाय दुसरी मिळतच नाही, तेव्हा चौकशीत वेळ घालवू नका. आणि फायबर काचेची असते, त्यामुळे लाइट गेली तरी नेट चालू राहतं.

पाचपैकी तीन गोष्टी चूक आहेत, दोन अर्ध्या खऱ्या. पण सगळ्यात महागात पडते ती पहिली, कारण फॉल्स सीलिंग आणि रंग झाल्यावर ती चूक सुधारायची सोय उरत नाही.

‘सगळं वायफायवर चालतं, वायरिंग कशाला?’

वायफाय चालतं, पण भिंत कशाची आहे त्यावर. पुणे, ठाणे, नवी मुंबईतले बरेच नवे टॉवर मायवान पद्धतीचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे साचे लावून स्लॅबबरोबर भिंतीही काँक्रीटच्याच ओतलेले असतात. दोन खोल्यांमधली साधी भिंतसुद्धा काँक्रीटची, आत सळयांची जाळी. विटांच्या भिंतीतून जेवढं वायफाय पलीकडे जातं, त्याच्या कितीतरी कमी इथून जातं. त्यातही २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोचतो, पण तो संथ आणि शेजाऱ्यांच्या राउटरांनी गजबजलेला. वेग मिळतो तो ५ गिगाहर्ट्झवर, आणि नेमका तोच अशा दोन भिंतींमागे जवळपास संपतो. हॉलमध्ये ३०० एमबीपीएस आणि आतल्या बेडरूममध्ये व्हिडिओ कॉल अडकतोय, ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते.

यावर ‘मग मेश घ्या’, म्हणजे एकमेकांशी बोलणारे दोन-तीन वायफायचे डबे लावा, असं उत्तर येतं. मेश चांगलंच, पण त्याचा दुसरा डबा पहिल्याशी हवेतून बोलत असेल तर त्यालाही तीच भिंत ओलांडायची आहे. दोन डब्यांमध्ये लॅन केबल असेल तर मेशचे पैसे वसूल होतात.

दोन बेडरूमच्या फ्लॅटला लागतं ते फार नाही. मुख्य दाराबाहेरच्या डक्टपासून, म्हणजे केबली वर नेणाऱ्या उभ्या पोकळीपासून, राउटरच्या जागेपर्यंत २५ मिलिमीटरचा एक पाइप, फक्त फायबरसाठी. राउटरच्या जागेपासून टीव्हीच्या मागे दोन कॅट-६, म्हणजे लॅनच्या, केबल आणि प्रत्येक बेडरूमला एकेक. एक फेरी १० ते १५ मीटरची धरली, तर चार फेऱ्यांना ४० ते ६० मीटर केबल होते. अख्खा खोका ३०५ मीटरचा असतो, तो घ्यायची गरज नाही. मीटरवर कापून मिळते. घेताना एका तारेवर ब्लेड ओढून पाहा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची आहे. ती जॅकमध्ये नीट पकडत नाही आणि वाकवली की तुटते. तांब्याचीच हवी.

पाइप टाकताना जिथे फसतं त्या जागा ठरलेल्या आहेत. काटकोनाचे दोन वळसे झाले की मध्ये एक पेटी द्यावी, नाहीतर केबल ओढताना अडकते. वळणावर तुटक एल्बो नको, गोल बेंड हवा. पाइपाची तोंडं बंद न करता प्लास्टर झालं तर आत सिमेंट जाऊन बसतं, आणि ते कळतं थेट केबल ओढायच्या दिवशी. पाइप रिकामा सोडणार असाल तर आत नायलॉनची दोरी सोडून दोन्ही टोकं बांधून ठेवा. आणि इलेक्ट्रिशियन ‘जागा आहे’ म्हणून लॅनची केबल लाइटच्या पाइपात घालू पाहील, ते होऊ देऊ नका. इन्सुलेशन सोललं गेलं तर २३० व्होल्ट थेट राउटरमध्ये, आणि तुमच्या हातात. दोन पाइप समांतर जात असतील तर निदान सहा इंचांचं अंतर ठेवा; एकमेकांना ओलांडायचेच असतील तर काटकोनात ओलांडू द्या.

काचेच्या तंतूला विजेचं काही होत नाही, मग फायबर तरी लाइटच्या पाइपातून न्यायला काय हरकत, असं कोणी विचारेल. हरकत ही की घरात येणाऱ्या अनेक फायबर केबलींमध्ये मजबुतीसाठी स्टीलची तार असते. ती वीज वाहून नेते.

मायवानच्या भिंतीत नंतर झिरी मारायची नसते. ती भिंतच इमारतीचा भार घेते. तिथे स्लॅब ओततानाच टाकलेले टीव्ही, टेलिफोन आणि इंटरकॉमचे पाइप हाच तुमचा रस्ता. ताबा घेताना बिल्डरकडून इलेक्ट्रिकल ड्रॉइंग मागून घ्या आणि कुठला पाइप कुठे उघडतो ते तार सारून तपासा. एखादा बुजलेला निघाला तर ती तक्रार स्नॅग लिस्टमध्ये, म्हणजे बिल्डरला द्यायच्या दोषांच्या यादीत, ताब्याआधी लिहिलेली बरी. रस्ताच नसेल तर स्कर्टिंगच्या वर केसिंग पट्टी, किंवा फॉल्स सीलिंगच्या आतून पाइप. दिसायला काय, सवय होते.

फॉल्स सीलिंग बंद व्हायच्या आधी दोन्ही टोकांना जॅक बसवून टेस्टर लावा. केबलमधल्या एकेका तारेचा एक, असे आठही दिवे क्रमाने लागले पाहिजेत. सात लागले तरी ‘नेट चालतंय’ असं दिसेल. त्याचा हिशोब पुढे वेगात निघतो.

‘फायबरवाला फुकटात सगळं करून जातो’

तो फुकटात करतो ते त्याच्या सोयीचं. बाहेरून केबल आणायची, खिडकीच्या चौकटीला भोक पाडायचं आणि आत आल्यावर पहिला प्लग दिसेल तिथे डबा ठोकायचा, एवढं त्याच्या कामात बसतं. दिवसाला त्याला अशी कितीतरी घरं करायची असतात, त्यात त्याचा दोष नाही. जागा तुम्हीच ठरवलेली आणि पाइप तुम्हीच टाकलेला असेल, तर तो आनंदाने त्यातून केबल ओढतो.

जागा घराच्या मध्याजवळ, दीड-दोन मीटर उंचीवर, उघडी असावी. बाजूला ६ अँपिअरचे दोन सॉकेट. बरेच बिल्डर दाराजवळ भिंतीत ‘लो व्होल्टेज’ची पत्र्याची पेटी देतात आणि सगळे पाइप तिथेच आणतात. पाइप तिथे येणं उत्तम. पण राउटर त्या पेटीत ठेवून झाकण लावलं की वायफाय पत्र्यातच कोंडतं. पेटीत फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, ठेवा आणि वायफायचा राउटर लॅन केबलने बाहेर काढा. हल्ली दोन्ही एकाच डब्यात येतात. तसं असेल तर त्यातलं वायफाय बंद करून बाहेर वेगळा राउटर लावा, किंवा फायबरच पेटीतून पुढे हॉलपर्यंत न्या.

जोडणी झाल्यावर तंत्रज्ञ निघण्याआधी तीन गोष्टी त्याच्यासमोरच पाहून घ्या.

पहिली, कनेक्टरचा रंग. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरवा निळ्यात बसतो, पण टोकं नीट भिडत नाहीत आणि प्रकाश वाया जातो.

दुसरी, प्रकाशाची पातळी. त्याच्याकडच्या पॉवर मीटरवर किंवा ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर ती डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो, आणि उणे जितकं जास्त तितका प्रकाश कमी. उणे १५ ते उणे २३ असेल तर निश्चिंत. नेहमीच्या जीपॉन जोडणीत (एकच फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) उणे २७ ही साधारण शेवटची हद्द. उणे २६ वर जोडून दिलेलं नेट आज चालेल, पण कनेक्टरवर थोडी धूळ बसली की प्रकाश तुटल्याचा तांबडा एलओएसचा दिवा लागेल. कमी प्रकाशाचं कारण बहुतेकदा जवळच असतं: मळका कनेक्टर, घाईत बसवलेला फास्ट कनेक्टर (न वितळवता जागेवरच दाबून बसवायचा) किंवा कुठेतरी मोडलेला वळसा. तार वितळवून केलेल्या जोडाचा तोटा ०.१ डेसिबलच्याही खाली ठेवता येतो, फास्ट कनेक्टरचा त्याच्या काही पट. जोड पेटीत करणार असाल तर वितळवूनच करून मागा.

तिसरी, वळसा. घरात वापरायची जी६५७ए२ जातीची तार साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळते. जुन्या जी६५२ तारेला ३० मिलिमीटर लागतात. कुठली आहे ते केबलच्या आवरणावर छापलेलं असतं. छाप वाचता येत नसेल तर जुनीच समजा. उरलेली केबल रबरबँडने आवळून खुंटीला टांगू नका. तळहाताएवढं सैल वेटोळं करा. मीटर-दीड मीटर जादा केबल मात्र राहू द्या, कारण टोक खराब झालं की कापून नवं बसवावं लागतं.

‘३०० घेतलं, ९४ मिळतं, म्हणजे कंपनी चोर’

आकडा ९४ किंवा ९५वर येऊन थांबत असेल तर कंपनीला फोन करण्याआधी घरातली केबल पाहा. हा आकडा १०० एमबीपीएसच्या पोर्टचा आहे. एक गिगाबिटसाठी लॅन केबलमधल्या आठ तारांच्या चारही जोड्या लागतात. दोन जोड्यांवर जोडणी १०० वर येऊन थांबते, आणि वरखर्च वजा जाता हातात ९४-९५ पडतात. म्हणजे मघाचा तो न लागलेला एक दिवा. नाहीतर राउटरचा पोर्टच १०० चा असतो. स्वस्त राउटरच्या खोक्यावर वायफायचा आकडा १२०० लिहिलेला असतो आणि मागचे पोर्ट १०० चे असतात. टीव्हीचंही तेच: कित्येक स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट १०० चाच, तिथे ३०० शोधायला जाऊ नये.

तपासायचं ते क्रमाने. लॅपटॉप केबलने थेट ओएनटीला लावा, बाकी सगळं काढून टाका, आणि एकदा सकाळी, एकदा रात्री नऊ-दहाला वेग मोजा. केबलवर पूर्ण आणि वायफायवर अर्धा मिळाला तर दोष घरातला. केबलवर सकाळी पूर्ण आणि रात्री अर्धा मिळाला तर कंपनीची लाइन भरलेली आहे. जीपॉनमध्ये एका तारेवरचे सुमारे २.५ गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, तेव्हा रात्री थोडी घसरण समजण्यासारखी आहे, अर्धी नाही. तक्रार या आकड्यांसह करा, ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगून नको.

डाउनलोडच्या खिडकीत ३७ दिसतात म्हणून भांडणारेही असतात. तिथे मेगाबाइट असतात. ३०० मेगाबिटला आठने भागा, ३७.५ येतात.

‘बिल्डरची कंपनी सोडून दुसरी मिळत नाही’

हे अर्धं खरं आहे, कारण प्रत्यक्षात तसं घडतं. डक्टची किल्ली बिल्डरकडे, सोसायटी अजून स्थापन झालेली नाही, आणि दुसऱ्या कंपनीला केबल आणायला परवानगीच मिळत नाही. पण ‘मिळत नाही’ म्हणजे ‘मिळूच शकत नाही’ असं नव्हे. निवासी संकुलांसह मोठ्या इमारतींतल्या सुविधा सगळ्या कंपन्यांना खुल्या असाव्यात, एकीशीच बांधून घेणारे करार नकोत, अशी शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, जानेवारी २०१७ मध्येच केली होती. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे मान्य. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकन देण्याचे नियम आणले. तारांकन ऐच्छिक आहे, पण बुकिंग करताना ‘तुमच्या प्रकल्पाला आहे का, नसेल तर डक्टमध्ये किती कंपन्यांसाठी जागा आहे’ असं विचारायला त्याने हक्काचं निमित्त मिळतं.

कामाची चाल अशी: एकट्याने अर्ज करू नका. पंधरा-वीस घरांनी मिळून लेखी मागणी केली की कंपनीलाही केबल आणणं परवडतं आणि बिल्डरला नाही म्हणणं जड जातं. सोसायटी झाल्यावर पहिल्याच सभेत डक्टचा ताबा आणि किल्ली यांचा ठराव घ्या.

आणखी एक गोष्ट बघाच: बिल्डरचं ‘फायबर’ तुमच्या घरापर्यंत फायबर आहे का? काही ठिकाणी फायबर गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या स्विचपर्यंतच (दिव्याचं बटण नव्हे, अनेक घरांना नेट वाटणारा डबा) येते, तिथून पुढे लॅन केबल. घरात शिरणाऱ्या टोकाला हिरवा किंवा निळा कनेक्टर असेल तर फायबर. टेलिफोनपेक्षा थोडा रुंद, पारदर्शक आठ तारांचा प्लग असेल तर लॅन.

‘लाइट गेली तरी फायबर चालू’

तारेला वीज लागत नाही, दोन्ही टोकांना लागते. जीपॉनमध्ये प्रकाश घरोघरी वाटणारा मधला स्प्लिटर बिनविजेचा असतो आणि कंपनीच्या टोकाला बॅटरी असते, म्हणून घरचा डबा चालू राहिला तर नेट चालू राहतं. डब्याला साधारण ८ ते १० वॉट लागतात. ३० वॉट-तासांचा मिनी यूपीएस रूपांतरातला तोटा धरून अडीच-तीन तास काढतो. घेताना अॅडॉप्टरवरचे आकडे जुळवा: व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. पिन २.१ मिलिमीटरची की २.५ ची तेही पाहा. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात, पण चुकीची घातली तर बसत नाही किंवा सैल राहून डबा मधूनच बंद होतो. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप हवा.

गच्चीवर स्विच असलेल्या इमारतीत मात्र तुमच्या मिनी यूपीएसचा उपयोग नाही. जिन्यातली लाइट गेली की स्विच बंद, आणि सगळ्या मजल्यांचं नेटही. तो स्विच लिफ्टच्या जनरेटर लाइनवर घेता येतो, सोसायटीने मनावर घेतलं तर इलेक्ट्रिशियनचं तासाभराचं काम. त्याच वेळी तो सध्या कुठल्या मीटरवर आहे तेही पाहून घ्यावं. जिन्याच्या दिव्यांच्या मीटरवर असेल तर कंपनीच्या विजेचं बिल इतके दिवस सगळे रहिवासी मिळून भरत आहेत.